आडवे साहेब

नव्या खोलीत शिरल्यावर लोक पंखा बघतात, खिडकी बघतात. मी जमीन बघतो. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथून नजर फिरवतो आणि इथे पाठ टेकून पडलं तर काय दिसेल याचा अंदाज घेतो. बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. झालाच आहे, आणि तो एका माणसामुळे झालाय. त्या माणसाबद्दल लिहायचं म्हणून मी गेले काही दिवस बसतो, चार ओळी लिहितो, उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा बसतो.

ते धारणीच्या तहसील कार्यालयात नायब तहसीलदार होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, मूळचा अमरावतीचा, आणि मेळघाटात बदली झाली म्हणून जगावर रुसलेला. ते मला 'बाबू' म्हणायचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आपलं नाव कुठे लिहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि तिथे त्यांनी ते लिहिलंही. तालुक्यात त्यांना सगळे 'आडवे साहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

नाव कसं पडलं ते सांगतो. कोणी घरात म्हातारं होऊन गेलं तर सरकारला काही विचारायचं नसतं. पण माणूस का मेला हे कळत नसेल तर पोलीस पंचनामा करतात. मेलेली नवी सून असली, कोठडीतला कैदी असला, सरकारी वसतिगृहातलं लेकरू असलं, किंवा गावात बोंबाबोंब झाली असली, की पोलिसांच्या जोडीला महसूलचा अधिकारीही दंडाधिकारी म्हणून जातो. असे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. नाकाला रुमाल लावून दारात उभं राहायचं, "झालं का?" म्हणायचं आणि सही ठोकायची. आमच्या साहेबांचं तंत्र वेगळं होतं. प्रेत हलवलं की ते बूट काढायचे, मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिटं, बाबू. मधी कोणाले बोलू देऊ नोको."

आणि जिथे माणूस मेला होता, तिथे ते सरळ आडवे व्हायचे.

शेणाच्या जमिनीवर, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात, विहिरीच्या थारोळ्यात, कुठेही. ज्या कुशीवर प्रेत सापडलं त्याच कुशीवर. फौजदार लाजून दुसरीकडे बघायचा, गावची पोरं मोबाइल काढायची. दोन मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभा राहायचो, आणि ती संपता संपता खालून आवाज यायचा, "लिही. वर पत्रे. तिसऱ्या पत्र्याले भोक. अथून चूल दिसते, दार दिसत नाही." मी लिहायचो. लिहिताना मला लाज वाटायची हे आजही कबूल करतो.

असाच एक व्हिडिओ फिरत फिरत तहसीलदारांच्या फोनवर पोचला. त्यांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन मागे उभा होतो.

"तुम्ही अधिकारी आहात की भगत? लोक हसतात."

"हसू द्या साहेब," आमचे साहेब शांतपणे म्हणाले. "मरणारा माणूस शेवटी जे पाहून गेला, ते सरकारनं एकडाव पाहावं. इतकंच हाय माह्यं."

"आणि पंचनाम्यात नुसतं 'आकस्मिक मृत्यू' लिहायला काय होतं तुम्हाला?"

"आकस्मिक हे कारण नोहे साहेब. आळस हाय तो आपला."

तहसीलदारांनी हात जोडले आणि त्यांना जायला सांगितलं.

धारणीच्या आधी ते अकोटला होते. तिथला एक किस्सा मला तिथल्या तलाठ्यानं सांगितला. एका जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाखाली एक मजूर दबून मेला. मालकाचं म्हणणं पडलं की दारू पिऊन दुपारचा ढिगाच्या आडोशाला झोपला होता, आमचा काय दोष? पाच जणांनी तसे जबाबही दिले. साहेब त्या जागी आडवे झाले. तेवढ्यात पहारेकरी जेवण करून परतला, आणि बघतो तर त्याच जागेवर दुसरा मुडदा! तो बोंबलत फाटकाबाहेर पळाला, त्याला धरून आणायला दोन माणसं लागली. साहेब उठले, कपड्यांवरचा कापूस झटकला आणि सांगितलं, "दुपारी दोन वाजता अथी ऊन सरळ डोयात येते. चार पावलांवर सावली हाय. दारू पेलेला माणूसही उन्हात तोंड करून झोपत नाही. थो झोपला नोहता. थो कापूस ओढून राह्यला होता." त्या एका वाक्यावर पाचही जबाब फिरले.

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र होती. चौकशीचा अहवाल वर पाठवायच्या आधी ते मेलेल्याच्या घरी जायचे आणि तो पूर्ण वाचून दाखवायचे. असा कुठलाही नियम नाही. उलट गोपनीय कागद बाहेर फोडला म्हणून नोटीस मिळायची, आणि ती त्यांना दोनदा मिळालीही. "वरती कोण वाचते, बाबू? ज्याचं गेलं त्यानं तरी ऐकावं," असं म्हणून ते जीपमध्ये बसायचे. एकदा सेमाडोहच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं त्यांना एका ओळीवर तीनदा थांबवलं. त्याच्या मुलाच्या अंगातला सदरा आम्ही निळा लिहिला होता, तो आकाशी होता. साहेबांनी तिथेच बाजेवर बसून 'निळा' खोडलं, 'आकाशी' लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मग म्हाताऱ्यानं पुढचं वाचू दिलं.

मेलेल्याच्या गावात ते पाण्याचा थेंब घेत नसत. पण याच माणसाची तपासणी म्हणजे निव्वळ जेवण असायचं, हेही सांगायला हवं. देवमाणसाचं चित्र काढायला मी बसलेलो नाही. रेशन दुकान, अंगणवाडी, आश्रमशाळा अशा वार्षिक तपासण्या आमच्या वाट्याला यायच्या. छापील फॉर्म असायचा, त्यात 'पुरेसे', 'समाधानकारक', 'होय' असे शब्द भरायचे. साहेबांना गोवरीवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी जीव की प्राण, आणि ही बातमी आमच्या आधी मुख्याध्यापकांकडे पोचलेली असायची. "मेल्यावर काम, जित्यापणी जेवण," असं मी एकदा गमतीनं म्हणालो तर ते पोट हलवून हसले. त्या हसण्याची आठवण आता नको वाटते.

एका आश्रमशाळेच्या तपासणीला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. पाऊस धो धो चालला होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही बसलो होतो, मुलींचं वसतिगृह मैदानापलीकडे, आणि मैदानात घोट्याएवढा चिखल. फॉर्मवर एक रकाना होता : 'विद्यार्थिनींच्या वापरातील खाटा, प्रत्यक्ष मोजणीनुसार.' साहेब म्हणाले, "बाबू, जा, खाटा मोजून ये."

मी उठलो, व्हरांड्याच्या टोकाला गेलो. पाऊस बघितला. शिपाई म्हणाला, "कायले भिजता साहेब? रजिस्टरले सगळं हाय." मी तिथेच उभ्यानं रजिस्टरमधला आकडा पाहिला, मागच्या वर्षीच्या फॉर्मशी ताडला, दोन्ही सारखे निघाले. थोडा वेळ घालवावा म्हणून एक विडी ओढली आणि आत आलो.

"मोजल्या साहेब. पुरेशा हायेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. तेवढ्यात रोडग्यांची ताटं आली. त्यांनी पेन मागितला, सही केली आणि ताट पुढे ओढलं.

पुढच्या जुलैत त्याच वसतिगृहातली सहावीतली एक मुलगी मेली.

रविवारी संध्याकाळी ती घरून परतली होती आणि सोमवारी दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. अंगावर जखम नाही, ताप नाही. डॉक्टरांनी 'कारण अस्पष्ट' लिहून व्हिसेरा तपासणीला पाठवला. शाळेनं मात्र कारण शोधून ठेवलं होतं. आदल्या दिवशी मुलीनं घरी सात्या खाल्ल्या होत्या, पावसाळ्यात रानात उगवतात ती अळिंबी. आईनंच रांधून घातल्या होत्या. मुख्याध्यापक, अधीक्षिका, स्वयंपाकीण, सगळ्यांचे जबाब तेच. घरचं खाऊन विषबाधा. पोलिसांचा कागद जवळजवळ तयार होता, फक्त आमची सही बाकी होती.

आई वसतिगृहाच्या पायरीवर बसून होती. कोरकू बाई, मराठी तिला येत नव्हती. ती रडत नव्हती. आपल्या दोन हातांकडे बघत होती, एकदा तळवे, एकदा पाठ. गावच्या कोतवालाला मी विचारलं, ही काय पुटपुटते? तो म्हणाला, "थे म्हणते, त्याच सात्या आमी सगळ्यायनं खाल्ल्या, मंग माह्या हातानं एकटी तेच कशी मेली?"

हॉलमध्ये मुली फरशीवर सतरंज्या टाकून निजत. भिंतीला लागून त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांची रांग होती. मेलेल्या मुलीची जागा कोपऱ्यात, पेट्यांजवळ. साहेबांनी बूट काढले, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि डाव्या कुशीवर आडवे झाले. बाहेर मुली दाराशी गोळा झाल्या होत्या, एकही हसली नाही.

दोन मिनिटं झाली. तीन झाली. "लिही" म्हणून आवाज येईना. मी वाकून पाहिलं. त्यांचा गाल फरशीला टेकला होता आणि डोळे पेट्यांच्या खाली लागले होते.

"बाबू, खाली ये."

मी आडवा झालो. त्यांच्या हाताखाली मी कितीतरी पंचनामे लिहिले, पण आडवा त्या दिवशी पहिल्यांदा झालो. पेट्यांच्या खालून, भिंतीच्या पायाशी, उजेड येत होता. जुनी मोरी बंद करताना पाइप काढून नेला होता आणि मुठीएवढं भोक तसंच राहिलं होतं. पलीकडे गवत दिसत होतं. उभ्या माणसाला ते कधीच दिसलं नसतं.

साहेब उठून बसले आणि शेजारी निजणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं. ती पोर घाबरत म्हणाली, "पहाटे ती बोलली, पोट दुखतंय. अधीक्षिका मॅडमनं ओवा दिला. मग ती बोलली, डोळे उघडत नाहीत. पापण्या उघडतच नाहीत बोलली." साहेबांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पापण्यांचं ऐकताच डॉक्टर म्हणाले, मण्यार साप. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यांनाच चावते. दुखत नाही, खूण धड दिसत नाही, आणि आधी पोट धरतं, मग पापण्या मिटतात. पहाटेच आणली असती तर काही करता आलं असतं.

"खाटा कुठी हायेत?" साहेबांनी मुख्याध्यापकांना विचारलं.

खाटा होत्या. कुलपाच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या, पायांना कंपनीचा पुठ्ठा तसाच. मुख्याध्यापक म्हणाले, खाटा लावल्या तर हॉलमध्ये सगळ्या मुली मावत नाहीत, साहेब. आलेल्या दिवसापासून तिथेच होत्या. माझ्या फॉर्मवर त्या वापरात होत्या.

परतताना घाटात जीप थांबवायला लावून ते खाली उतरले. मी मागे गेलो. झाडांकडे बघत म्हणाले, "मी जल्मभर मेलेल्याच्या जागेवर झोपलो, बाबू. जित्याच्या जागेवर एकडाव झोपलो असतो तं थे पोट्टी वाचली असती."

मला त्या क्षणी दुःख वाटलं नाही, माझं नाव पुढे येईल याची भीती वाटली.

अहवाल त्यांनी सांगितला, मी टाइप केला. मृत्यूचं कारण. भोक. ओवा देऊन निजवलेले तास. मग शेवटचा परिच्छेद, जबाबदारी. मुख्याध्यापकांचं आणि अधीक्षिकेचं नाव खाली आलं. सगळ्यात वर त्यांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट : मागील तपासणीत खाटांची नोंद खोटी आहे, सही माझी आहे.

माझी बोटं थांबली. "साहेब, ती मोजणी..."

"टाइप कर."

मी टाइप केलं. सुटकेचा श्वास सोडला हेही लिहून टाकतो.

मग आम्ही मुलीच्या गावी गेलो. साहेब एकेक वाक्य वाचत आणि कोतवाल ते कोरकूत सांगे. साप आला तेव्हा आईनं हात वर करून थांबवलं. कोतवालानं तिचं म्हणणं सांगितलं, "सात्या नोहत्या ना? हे थे पुन्हा विचारून राह्यली."

"सात्या नोहत्या," साहेब म्हणाले. "बाईच्या हातचं काईच नोहतं. तिले दोनदा सांग."

कोतवालानं दोनदा सांगितलं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि तिचा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. साहेबांनी वाट पाहिली, मग पुढचं वाचलं. सगळं संपल्यावर बाईनं एकच प्रश्न विचारला. कोतवाल अवघडून म्हणाला, "खाटा मोजाले कोण आलतं, विचारते."

"मी," साहेब म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी फाइल छातीशी धरून उभा होतो.

पुढचं सरकारात होतं तसंच झालं. व्हिसेऱ्यात काही सापडलं नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली, अधीक्षिकेला ताकीद मिळाली. ज्यानं स्वतःच लिहून दिलं होतं तो मात्र आयता सापडला. साहेब निलंबित झाले, विभागीय चौकशी अमरावतीला लागली आणि ती चालू असतानाच ते निवृत्त झाले. मला साक्षीला बोलावलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "मोजणी प्रत्यक्ष कोणी केली?" साहेब समोरच्या खुर्चीवर बसले होते, छताकडे बघत. मी म्हणालो, "आठवत नाही." बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. मला वाटलं आता ऐकवतील. ते म्हणाले, "चहा घेशील?" आम्ही चहा घेतला आणि आपापल्या वाटेनं गेलो.

त्यानंतर मी अमरावतीला बदलून आलो, बढती मिळाली. झोप मात्र उडाली. घरात बसवत नाही, कचेरीत बसवत नाही. चौकशी अजून संपलेली नाही, दर थोड्या दिवसांनी पुढची तारीख पडते आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री मी गॅलरीत फेऱ्या घालतो. साहेब निवृत्तीनंतर अकोटला राहायला गेले होते. शेवटी गेल्या रविवारी दर्यापूरमार्गे जाणारी अकोटची गाडी धरली.

साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. मला पाहून म्हणाले, "ये बाबू. आता खाली झोपलो तं उठता येत नाही मले. गुडघे गेले." त्यांच्या पत्नीनं पाणी आणून दिलं. मी ग्लास खाली ठेवला आणि जे इतकी वर्षं घोटत होतो ते एका दमात बोलून टाकलं.

"साहेब, त्या दिवशी खाटा मी मोजल्या नव्हत्या. मी हॉलपर्यंत गेलोच नव्हतो. तुम्ही माझा गुन्हा तुमच्या अंगावर घेतला."

ते थोडं हसले.

"तुह्या अंगचं मी काहून घेऊ?" ते म्हणाले. "भाएर घोट्याएवढा चिखल होता अन् तुह्या चपला कोरड्या होत्या. मी पाह्यल्या ना त्या. पाहून सही केली, कारण रोडगे थंडे होऊन राह्यले होते. जे माह्यं होतं ते मी लिहिलं. इतकंच लिहिलं."

मी मान खाली घातली. माझी नजर माझ्याच चपलांवर गेली.

"मग माझं, साहेब?"

"तुह्यं मी कसं लिहू, बाबू? तुह्यं तू लिही."

तेव्हापासून बसतो, चार ओळी लिहितो, उठतो. त्यांच्याबद्दल लिहितो आहे असं बायकोला सांगितलं आहे, आणि ते खोटंही नाही. पण या कागदांच्या खाली दुसरा एक कागद आहे, चौकशी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. त्यावर आज सकाळी वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली एक वाक्य : खाटा मी मोजल्या नव्हत्या.

अर्ज उद्या द्यायचा नाही. वर पाठवायच्या आधी तो कोणाला वाचून दाखवायचा हे मला माहीत आहे. कोतवालाला फोन केला आहे, तो कोरकूत सांगायला येतो म्हणाला. धारणीची गाडी सकाळी सहाला आहे.